१५ एचपीचा टाकीवरचा स्क्रू कॉम्प्रेसर: लहान शेडला परवडतो का?

पिस्टनचा कॉम्प्रेसर काढून स्क्रू घ्यावा का, हा प्रश्न भोसरीपासून शिरोलीपर्यंतच्या लहान शेडमध्ये कधी ना कधी निघतोच. हा आढावा ११ किलोवॅटच्या, म्हणजे १५ एचपीच्या, ऑइल इंजेक्टेड स्क्रू पॅकेजचा आहे. खाली ५०० लिटरची टाकी, वर कॉम्प्रेसर, बाजूला रेफ्रिजरेशन ड्रायर, म्हणजे हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारं यंत्र. एल्जी, ॲटलस कॉप्को, इंगरसोल रँड या सगळ्यांकडे या मापाचं मशीन मिळतं आणि आतली मांडणी बरीचशी सारखीच असते.

निकाल आधीच सांगतो. दिवसाचे सहा-आठ तास हवा सलग लागत असेल तर बिनधास्त घ्या. दिवसभरात मिळून तास-दोन तासच लागत असेल तर दोन स्टेजचा, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा, पिस्टनच बरा.

या मशीनकडून ७.५ बार दाबाला साधारण ५८ ते ६२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा प्रत्यक्ष बाहेर मिळते. तुलना करताना इथेच फसगत होते. पिस्टनच्या कॅटलॉगमध्ये पुष्कळदा 'डिस्प्लेसमेंट' छापलेलं असतं, म्हणजे सिलिंडरच्या मापावरून काढलेला आकडा. व्हॉल्व्हमधली गळती, रिंगांची झीज आणि तापलेलं हेड यांचा हिशोब धरला की हातात त्याच्या ७०-७५ टक्केच पडतं. म्हणून दोन्हीकडे 'फ्री एअर डिलिव्हरी', म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा, किती आणि ती कुठल्या दाबाला, एवढंच विचारा.

स्क्रूमध्ये दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात. त्यांच्या खाचांत अडकलेली हवा पुढे सरकता सरकता आकसत जाते. त्याच जागी तेलाचा फवारा येतो. हे तेल रोटरमधली फट बुजवतं, बेअरिंगला वंगण देतं आणि दाबल्यामुळे तयार झालेली उष्णता सोबत घेऊन जातं. पुढे सेपरेटरमध्ये तेल वेगळं होतं आणि कूलरमधून पुन्हा रोटरकडे येतं. पिस्टनसारखे ठोके नसल्यामुळे दाब स्थिर राहतो, आणि शेजारी उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलता येतं.

हवा कुठे किती लागते याचा अंदाज आधी घ्या. सीएनसी मशीनला ५ ते १० सीएफएम, पेंटच्या गनला १०-१२, एअर गनलाही तेवढीच. चार-पाच सीएनसी आणि पावडर कोटिंगचा एक बूथ हे मशीन आरामात सांभाळतं. सँड ब्लास्टिंग मात्र यावर होणार नाही. पाव इंची नोझल ९० पीएसआयला (दाबाचं दुसरं माप, १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) एकटीच ७० सीएफएमच्या पुढे हवा ओढते. इचलकरंजीतल्या एअरजेट (हवेच्या झोताने धागा फेकणाऱ्या) मागांचं गणितच निराळं आहे, तिथे याच्या कितीतरी पट मोठी मशीनं लागतात. ट्रकच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय भरायचे तर ७.५ बारला, म्हणजे १०९ पीएसआयला, मशीन कमी पडतं.

तेवढ्यासाठी १० बारचं मॉडेल घेण्याची घाई करू नका. त्याच मोटरवर हवा कमी मिळते, आणि दाब एक बारने वाढला की वीज ६-७ टक्के जास्त जाते.

विजेचं गणित नीट समजून घ्या. लोडवर, म्हणजे हवा भरत असताना, हे पॅकेज १२-१३ किलोवॅट खातं. टाकी भरली की ते अनलोडला जातं, मोटर फिरत राहते, हवा शून्य, आणि तरीही सुमारे ४ किलोवॅट चालूच. आठ तासांच्या शिफ्टमध्ये ६० टक्के वेळ अनलोड गेला, तर ३०० दिवसांत ५,७६० युनिट नुसतीच जळतात. काही मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं सेटिंग असतं, पण मोटर तासात कितीदा सुरू करायची याला मर्यादा आहे. मागणी फार खाली-वर होत असेल तर व्हीएफडी (मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल घ्यावं.

घेण्याआधी हे करा. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून जुना कॉम्प्रेसर फक्त लाईनवर चालवा आणि घड्याळ लावा. समजा ४० सेकंद लोड आणि १२० सेकंद बंद असं चक्र आलं, तर ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के हवा गळतीत जाते. ६० सीएफएमच्या मशीनवर ती १५ सीएफएम झाली. तीन मिलिमीटरचं एक भोक ७ बारला वीसेक सीएफएम हवा सोडतं. कपलिंग, पियू ट्यूबचे जोड, एफआरएलचे (लाईनवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचे) बाऊल यांना साबणाचं पाणी लावून बघा. गळती काढल्यावर कित्येकदा १० एचपीत काम भागतं.

आता तक्रारींकडे. पहिली पाण्याची. ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना हे मशीन तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी हवेबरोबर आत ओढतं. एका शिफ्टला १८ लिटर! कोकणात पावसाळ्यात याहून जास्त. म्हणून ड्रायर ऐच्छिक समजू नका, आणि टाकीला ऑटो ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, हवाच.

त्याच हवेचा दुसरा त्रास आत होतो. दमट हवा ७.५ बारला दाबली की ७० अंशांच्या आसपासच तिच्यातून पाणी सुटायला लागतं. मशीनला काम कमी असेल तर तेल तेवढं तापतच नाही, आणि पाणी तेलातच साचतं. साइट ग्लासमध्ये (तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेत) तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं की बेअरिंगचं आयुष्य घटायला लागलं समजा. सकाळी मशीन सुरू करण्याआधी तेलटाकीतला दाब शून्य आहे याची खात्री करा, खालचा ड्रेन हळूच सैल करा, आधी पाणी येईल, तेल दिसताच बंद. डिस्चार्जचं तापमान ७५ ते ९५ अंशांत असावं. गाडीचं इंजिन ऑइल यात कधीही ओतू नका. त्यातले डिटर्जंट पाणी तेलात धरून ठेवतात, ते खाली बसतच नाही.

विदर्भात मे महिन्यात उलटी तक्रार येते: मशीन १०५-११० अंशांना ट्रिप होतं. ओढलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते, म्हणजे बंद खोलीत बारा किलोवॅटचा हीटर लावल्यासारखंच. गरम हवा डक्टने बाहेर काढा आणि कूलरच्या पाकळ्यांत बसलेली धूळ आठवड्याला साफ करा. तरी तापलं तर तेलाची पातळी, ऑइल फिल्टर आणि थर्मल व्हॉल्व्ह, या क्रमाने तपासा.

लाईनमध्ये तेल येऊ लागलं की लगेच सेपरेटर बदलायचा सल्ला मिळतो. आधी स्कॅव्हेंज लाईन बघा. सेपरेटरच्या तळाशी जमलेलं तेल परत ओढणारी ही बारीक नळी, आणि तिच्यातलं छिद्र कचऱ्याने बुजलं की सगळं तेल हवेबरोबर जातं. सेपरेटरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ०.८ ते १ बारवर गेला असेल, तरच तो बदलायला झालाय.

आणखी एक धोका फेजचा आहे. वायरिंगचं काम झाल्यावर फेज उलटे लागले तर रोटर उलटे फिरतात आणि काही सेकंदांतच एअर एंड (रोटर असलेला मुख्य भाग) तेलाविना घासायला लागतो. फेज उलटे असताना मशीन सुरू होऊ न देणाऱ्या रिलेला जंपर मारून, म्हणजे तो तारेने टाळून, मशीन चालवणारे इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

कोटेशनमध्ये पहिल्या दोन वर्षांची फिल्टर, तेल आणि सेपरेटर यांची किंमत आणि किती तासांनी बदलायचं हे लिहून घ्या. तेल साधारण २,००० ते ४,००० तास टिकतं, पण फौंड्रीच्या धुळीत एअर फिल्टर त्याच्या कितीतरी आधी चोंदतो. टाकीचं टेस्ट सर्टिफिकेटही मागा.

जुना पिस्टन चालत असेल तर विकू नका, सर्व्हिसच्या दिवशी तो कामाला येतो. त्याच लाईनला जोडणार असाल तर मध्ये नॉन-रिटर्न (हवा उलटी जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह बसवा आणि पिस्टनचा प्रेशर स्विच ७.५ बारच्या आत आणा. हे पिस्टन १२ बारपर्यंत जातात, आणि स्क्रूच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढ्यासाठी लावलेला नसतो.