दुबईच्या खाडीतली अब्रा, भाडं एक दिरहॅम, दहा महिने रोज बसून लिहितोय

घाईत असणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगतो. बर दुबई आणि देरा यांच्या मधे जी खाडी आहे ती ओलांडायला लाकडी बोटी चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. माणशी एक दिरहॅम, पाच-सहा मिनिटं लागतात, तिकीट खिडकी नाही, कार्ड नाही, बोट सुटल्यावर चालवणाऱ्याच्या हातात नाणं ठेवायचं. एका बोटीत साधारण वीस माणसं बसतात, बोट भरली की सुटते. दुबईला फिरायला आलात तर नक्की बसा. मी मात्र फिरायला आलो नव्हतो, मी २०२४ च्या जानेवारीत नोकरीला आलो, ऑगस्टमधे ती नोकरी गेली, ऑक्टोबरमधे दुसरी लागली, आणि यातले दहा महिने मी रोज सकाळ-संध्याकाळ या बोटीत बसलोय, त्यामुळे हे लांबणार आहे.

मी गुहागरकडचा. आमच्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, त्याच्या आधी होड्याच होत्या, त्यामुळे पाणी ओलांडून कामाला जाणं मला नवीन नाही. पण दुबई म्हटल्यावर डोळ्यासमोर काचेच्या इमारती असतात ना, तसंच माझ्याही होत्या. पहिल्या दिवशी बर दुबईच्या कापडबाजारातून त्या धक्क्यावर आलो, डिझेल इंजिनाचा तो टक टक टक आवाज ऐकला आणि एकदम आमच्या बंदरावर मचवे सुटायच्या वेळेला असतो तसा वास आला. डिझेल, खारं पाणी, ओलं लाकूड. दोन रात्री झोप नव्हती, रूमवर सहा जण, बंक बेडचा वरचा मजला माझा, महिन्याला ७५० दिरहॅम. त्या वासाने मला जरा बरं वाटलं, खरं सांगतो.

माझं ऑफिस देराला, फ्रेट फॉरवर्डिंगचं, म्हणजे लोकांचा माल जहाजाने पाठवायची व्यवस्था करणारं. माझं काम डॉक्युमेंटेशन, म्हणजे बीएल (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) बनवणं, पॅकिंग लिस्ट तपासणं, डीओ (माल सोडायचा कागद) घेणं, पार्टीला म्हणजे गिऱ्हाइकाला फोन करून सांगणं की तुमचा कंटेनर कुठे आहे. मेट्रोपण आहे, खाडीच्या खालून बोगद्यातून जाते, एसी आहे, स्वच्छ आहे, पण बर दुबईहून देराला गेलं की भाड्याचे दोन झोन होतात आणि नोल या प्रवासाच्या कार्डावरून ५ दिरहॅम कटतात. अब्राला १. म्हणजे जाऊन-येऊन रोजचे ८ दिरहॅम वाचले, महिन्याचे २६ दिवस धरले तर २०८. घरी पैसे पाठवणाऱ्याला २०८ दिरहॅम म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या वर जातात. सुरुवातीला मी अब्रा धरली ती याच हिशोबाने.

बसायचं कसं ते सांगतो. मधोमध एक उंचवट्यासारखा लाकडी बाक असतो, त्यावर दोन्ही बाजूंना पाण्याकडे तोंड करून बसायचं, पाठीला पाठ. तांडेल (आम्ही कोकणात बोट चालवणाऱ्याला तांडेल म्हणतो, मी इथेही मनात तेच म्हणतो) मधल्या खड्ड्यात उभा असतो, इंजिन त्याच्या पायापाशी. छप्पर आहे, बाजूंना काही नाही. सकाळी देराला जाताना कुठल्या बाजूला बसायचं ते ऊन बघून ठरवा. चढताना बोटीचा काठ आणि धक्का यांच्या मधे फट असते आणि बोट हलत असते, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि हात मोकळे ठेवा. खाडीला भरती-ओहोटी आहे, ओहोटीला धक्क्यावर उतरायच्या फळीचा उतार जास्त होतो. टुरिस्ट लोकांना हे कोणी सांगत नाही. अजून एक, धक्क्यावर अख्खी बोट तासाने भाड्याने देणारे विचारत येतात, तो दर वेगळा आहे, नुसतं पलीकडे जायचं असेल तर सरळ लोकांच्या रांगेत उभे राहा.

आता वर्षाबद्दल.

मी आलो तेव्हा तांबड्या समुद्रातला प्रकार सुरू झालेला होता. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले चालू केले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जहाजं न्यायला सुरुवात केली, एका फेरीला दहा-बारा दिवस जास्त. घरी वडील विचारायचे की मुंबईजवळच्या नाव्हा-शेवाहून दुबईच्या जबेल अली बंदरात यायला तांबडा समुद्र लागतो कुठे? नाही लागत, बरोबर आहे, पण जहाजं आणि रिकामे कंटेनर लांबच्या फेरीत अडकले की सगळीकडेच तुटवडा होतो, बुकिंग पुढे ढकललं जातं, भाडं वाढतं. आमचं ऑफिस लहान, ठरलेल्या भावात पार्टीला शब्द दिलेला आणि जहाजाचा भाव तिसऱ्याच दिवशी वेगळा. मी रोज पाच-पन्नास लोकांच्या शिव्या ऐकायचो. संध्याकाळी बोटीत बसलो की पहिला मिनिटभर मी फक्त श्वास घ्यायचो.

मार्चमधे रमजान आला, ११ तारखेला चालू झाला. एकदा ऑफिस लवकर सुटलं पण मला कागद संपवायला उशीर झाला आणि बरोब्बर मगरिबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळेला मी बोटीत, खाडीच्या मधोमध. दोन्ही काठांवरच्या मशिदींतून बांग सुरू झाली. तांडेलने इंजिनाचा वेग कमी केला, खिशातून खजुराची पुडी काढली, एक तोंडात टाकला आणि पुडी मागे दिली. पुडी पूर्ण बोटीत फिरली, माझ्याकडे आली, मीपण एक घेतला. कोणी विचारलं नाही की तुझा रोजा आहे का. दुबईत आल्यापासून कोणी स्वतःहून मला काही खायला दिलं ते पहिल्यांदा तेव्हा. तो तांडेल चितगावचा, नंतर ओळख झाली. तो म्हणायचा हमारे चाटगाँव में नाव को साम्पान बोलता है, मी म्हणायचो हमारे यहाँ मचवा, एवढंच आमचं बोलणं, पण रोज.

१६ एप्रिलचा पाऊस तुम्ही टीव्हीवर बघितलाच असेल. अल ऐन शहराकडे एका ठिकाणी २४ तासांच्या आत २५४ मिलीमीटर पडला, १९४९ पासून नोंदी ठेवतायत त्यातला सगळ्यात मोठा. आमच्याकडे जुलैत एका दिवसात असा पाऊस पडून जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरते, पण इथे जमिनीला आणि गटारांना पावसाची सवयच नाही, पाणी जाणार कुठे? विमानतळावर पाणी, हायवेवर गाड्या बुडलेल्या. आईने टीव्ही बघून सतरा फोन केले. आम्ही सहा जण रूमवर, खालच्या दुकानातून आणलेली खुबूस (अरबी रोटी) आणि अंडी. दोन दिवसांनी मी धक्क्यावर गेलो तर खाडीचं पाणी गढूळ, आमच्या वाशिष्ठी नदीसारखं, आणि त्यातून काय काय वाहत आलेलं. बोटी चालू होत्या. भाडं एक दिरहॅमच. त्या आठवड्यात टॅक्सीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यासाठी मी घासाघीस केली होती, म्हणून हे लक्षात राहिलं.

जुलै सगळ्यात वाईट. उकाडा म्हणजे सकाळी आठला शर्ट भिजलेला, आणि एसीशिवाय बोट, तरी खाडीच्या मधे गेल्यावर थोडा वारा लागतो, तेवढ्यासाठी लोक थांबून बोट धरतात. आमचा पगार जूनपासून अडकायला लागला होता. इथे पगार डब्ल्यूपीएसमधून म्हणजे सरकारी सिस्टिममधूनच यावा लागतो आणि उशीर झाला तर कंपनीवर कारवाई होते, पण तरी अडकला. आणि १९ जुलैला संध्याकाळी मी देराहून परत येत असताना बोटीतच फोन आला. वडील पडवीत शेवाळावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं, चिपळूणला नेलंय, रॉड टाकावा लागेल, उद्या सकाळपर्यंत पैसे भरायचेत.

मला अजून ते सगळं दिसतं. डाव्या हाताला जुनी मोठी गलबतं लागलेली, त्यांच्यावर फ्रिज, टायर, गाद्या चढवत होते. मी फोन कानाला लावून बसलेलो आणि शेजारी एक फिलिपिनो बाई आणि तिचा मुलगा सीगल बघायला आलेले, पण पक्षी हिवाळ्यात येतात, तेव्हा एकही नव्हता. धाकटा भाऊ फोनवर रडत होता आणि मला काहीच करता येत नव्हतं, उठून चालता येत नव्हतं, घाई करता येत नव्हती, बोट तिच्या वेगाने चाललेली. तेव्हा चीड आली होती. पण त्या पाच मिनिटांत मी डोक्यात तीन नावं काढली ज्यांच्याकडे पैसे मागता येतील, आणि बर दुबईच्या धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा पहिल्याला फोन लावून झाला होता. रूममधल्या केरळच्या भाईने १,५०० दिरहॅम दिले, काही लिहून घेतलं नाही. ऑपरेशन नीट झालं. मी जाऊ शकलो नाही. आई काही बोलली नाही, पण मी जाऊ शकलो नाही हे आहेच.

ऑगस्टच्या शेवटी ऑफिसला कुलूप लागलं. दोन पगार राहिले, इथल्या कामगार मंत्रालयात तक्रार टाकली, एक मिळाला. नवीन येणाऱ्यांना मुद्दाम सांगतो, इथे नोकरी गेल्यावर मिळणारा सरकारी विमा आहे, आयएलओई, मूळ पगार १६,००० दिरहॅमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहॅम, नोकरी गेली तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. पण सलग १२ महिने हप्ते भरलेले लागतात. माझे आठच झाले होते, म्हणून काही मिळालं नाही. व्हिसा रद्द झाल्यावर मला ६० दिवस मिळाले. ६० दिवसांत नोकरी नाहीतर घर.

ते ६० दिवस मी रोज देराला जात होतो. नाईफ, अल रास, बनियास, जिथे जिथे फॉरवर्डर आणि क्लिअरिंगवाल्यांची ऑफिसं आहेत तिथे जिने चढून सीव्ही द्यायचा. त्याच वेळी १ सप्टेंबरपासून सरकारने व्हिसा संपलेल्यांसाठी माफी योजना काढलेली, दंड न भरता घरी जा किंवा कागद सुधारून घ्या, त्यामुळे रूमवर, टपरीवर, सगळीकडे एकच विषय, तुझा व्हिसा किती दिवस. बोटीत तो विषय नसायचा. म्हणजे लोक तेच होते, पण पाच मिनिटं सगळे पाण्याकडे तोंड करून गप्प. रोजचं माझं बजेट दोन नाणी बोटीला, एक करक म्हणजे दुधाच्या कडक चहाला, बाकी जेवणाला. एक दिरहॅमच्या नाण्यावर कॉफीच्या किटलीचं चित्र आहे, दल्ला म्हणतात तिला. मी रोज रात्री दोन किटल्या शर्टाच्या वरच्या खिशात वेगळ्या ठेवायचो, की सकाळी उठून निघायचंच, घरात बसायचं नाही. ४७ व्या दिवशी जबेल अलीच्या एका वेअरहाउसवाल्यांनी बोलावलं. त्यांना बीएल वाचता येणारा माणूस हवा होता.

चितगावच्या तांडेलाला मी सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या आधी माझा हात हातात घेतला. म्हणाला, अब इधर से नहीं जाएगा? मी म्हटलं, नाही, तिकडेच राहायला देतायत.

तर रेटिंग. वक्तशीरपणा: गर्दीच्या वेळी थांबावं लागतच नाही, दुपारी बोट भरेपर्यंत थांबायला लागतं. आराम: नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत टुरिस्टांमुळे संध्याकाळी रांग मोठी. धूर येतो, दम्याच्या माणसाने मागे बसू नये. किंमत: याच्यापेक्षा स्वस्त आणि सरळ व्यवहार मला या शहरात कुठे मिळाला नाही. ज्यांना एसी पाहिजे त्यांच्यासाठी अल जद्दाफहून फेस्टिव्हल सिटीला एसीवाली अब्रा आहे २ दिरहॅमला, ती छान आहे, पण तिथून खाडीचा जुना भाग दिसत नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता मी रविवारी सुट्टीला मेट्रोने तासभर प्रवास करून येतो, दोन फेऱ्या मारतो, कापडबाजारामागच्या गल्लीत फुलवाल्याकडे जातो (शंकराचं देऊळ आता तिथे नाही, जबेल अलीला गेलं, म्हणजे गंमत बघा, माझ्या नवीन रूमच्या जवळ आलं) आणि परत जातो.

एक विचारायचं होतं. फेब्रुवारीत आई-वडील येतायत महिनाभरासाठी. वडील आता काठी घेऊन चालतात, पण वयाची चाळीस वर्षं त्यांनी होडीत काढलीत आणि त्यांना बुर्ज खलिफापेक्षा ही बोट बघायचीय, इंजिन कुठलं आहे ते रोज विचारतात. कोणी वयस्कर माणसाला घेऊन गेलं असेल तर सांगा, चढायला बर दुबईचा धक्का सोपा की देराकडचा अल सबखाचा? आणि भरतीच्या वेळेला नेलेलं बरं ना?