वारीच्या वाटेसाठी: बंद बूट की पट्ट्यांच्या सँडल?

लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर चालण्यासाठी हलके जाळीदार बूट घ्यावेत की तीन पट्ट्यांच्या सँडल, हा प्रश्न मलाही पडला होता. एका वर्षी मी लोणंद ते बरड बूट घालून चाललो आणि पुढच्या वर्षी तीच वाट सँडल घालून. याहून अधिक मोजमाप माझ्यापाशी नाही. कोल्हापुरी चपलेचा विचार मी केला नाही, कारण पावसात भिजलेले चामडे दुसऱ्या दिवशी कसे वागेल, याचा भरवसा नसतो.

बुटांची बाजू लंगडी नाही. डांबरी रस्त्यावर टाचेला बसणारे हादरे ते चांगले झेलतात, खडी आत येऊ देत नाहीत आणि दिंडीच्या गर्दीत कोणाचा पाय पडला तरी बोटे वाचतात. माझे पाऊल मात्र चवड्यापाशी रुंद आहे. आठ नंबरमध्ये लांबी नेमकी बसे, पण करंगळी दाबली जाई. नऊ नंबरमध्ये करंगळी सुटे, पण पावलागणिक टाच वर निघे. साताऱ्यातल्या एका दुकानात सकाळी, पाय ताजे असताना, ‘वापरून सैल होतील’ या शब्दावर मी आठ नंबर घेतला. महिनाभर यवतेश्वरचा घाट चढून-उतरून सराव केला, तेव्हा ते फारसे चावले नाहीत. तरडगाव ते फलटण या सुमारे २१ किलोमीटरच्या चालीत मात्र दुपारनंतर पाय सुजले आणि फलटणला मोजा काढताना करंगळीवरची कातडी त्याच्याबरोबर निघून आली. पुढचा दिवस मी पाऊल तिरके टाकत काढला आणि त्यामुळे गुडघाही धरला.

सँडलचा मला पटलेला गुण एवढाच, की तिचे माप दिवसभर बदलता येते: सकाळी आवळावी, दुपारी चवड्यावरचा पट्टा बोटभर सोडावा, उतारावर टाचेमागचा पुन्हा ओढून घ्यावा. तळव्याखाली खडा येतो, टाचांना भेगा पडतात आणि चिखल भरला की वेल्क्रो धरेनासा होतो, हे खरे; त्यासाठी मी दात घासायचा जुना ब्रश पिशवीत ठेवू लागलो. परंतु खडा पाय झटकून काढता येतो, सोललेली करंगळी तशी झटकता येत नाही.

मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी माझे ऐकू नये. त्यांनी डॉक्टरांना विचारून बंद बूटच घ्यावेत. इतरांनाही बूटच हवे असतील, तर खरेदीला संध्याकाळी जावे, बुटातला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे आणि करंगळी त्याच्या कडेबाहेर गेली, तर नंबर वाढवत न बसता अधिक रुंद घडणीचा जोड मागावा.