स्पॉट कॉम्प्रेशन की टोमो: संशयास्पद सावलीचा निकाल कशाने लावायचा?

टूडी मॅमोग्राफी मशीन (स्तनाचा सपाट एक्स-रे काढणारं) अजून धडधाकट आहे, पण टोमोसिंथेसिस (थोडक्यात टोमो, स्तनाचं चित्र पातळ कापांत दाखवणारं) घ्यावं की नाही यावर विचार चालू आहे, अशा रेडिओलॉजिस्टसाठी हे लिहितोय. दोन्हींवर रिपोर्टिंग केल्यावर मी टोमो निवडलं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

ठळक केसेसमध्ये दोन्ही सारखेच. काटेरी कडांची दाट गाठ जुन्या मशीनवरही लपत नाही. आत चरबी दिसणारा हॅमार्टोमा किंवा पॉपकॉर्न कॅल्सिफिकेशनचा (पॉपकॉर्नसारखं कॅल्शियम साचलेला) जुना फायब्रोअॅडिनोमा या साध्या गाठींना निरुपद्रवी म्हणायला नवं मशीन कशाला हवं?

माझं घोडं अडायचं ते एकाच व्ह्यूत दिसणाऱ्या असिमेट्रीपाशी, म्हणजे दुसऱ्या स्तनात नसलेल्या सावलीपाशी. एमएलओमध्ये (तिरप्या व्ह्यूत) सावली आहे, सीसीमध्ये (वरून खाली घेतलेल्या व्ह्यूत) तिचा पत्ता नाही. मग बाईंना परत बोलवा, छोट्या पॅडलने तेवढाच भाग पुन्हा दाबा, म्हणजेच स्पॉट कॉम्प्रेशन. बऱ्याचदा सावली पसरून जाते. ग्रंथींचे पदर एकमेकांवर आले होते, इतकंच. पण ती अर्धवटच विरली तर? सोनोग्राफीत काही नाही, स्पॉटमध्ये धड आहे म्हणवत नाही, धड गेली म्हणवत नाही. त्यात लोब्युलर कर्करोग (दूधग्रंथींच्या खंडिकांतला) दाबाखाली बेमालूम पसरू शकतो, म्हणजे ‘विरली’ या शब्दावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मग हात आपसूक बायरॅड्स 3 कडे (मॅमोग्राम रिपोर्टच्या ठरलेल्या श्रेणींतली ‘बहुधा साधं’ ही श्रेणी) वळतो: सहा महिन्यांनी या. ती श्रेणी कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांपलीकडे नसलेल्या ठरावीक चित्रांसाठी आहे, आपल्याला ठरवता येत नाही म्हणून वापरायची नव्हे. आणि बाईंनी ते सहा महिने कसे काढायचे? मला मशीनच्या किमतीपेक्षा हे जास्त खुपायचं.

टोमोत साधारण 1 मिमी अंतरावरचे काप स्क्रोल करताना हा गुंता बराच सुटतो. खरी गाठ लागोपाठच्या कापांत टिकते, मधल्या एखाद्या कापात तिची कड स्वच्छ उमटते. नुसत्या पदरांची सावली असेल तर ती फुटते: एक पट्टी वर, दुसरी बरीच खाली, मध्ये काही नाही. कितव्या कापात सापडली यावरून खोलीचा अंदाज येतो, त्यामुळे सोनोग्राफीचा प्रोब नेमका कुठे ठेवायचा हे कळतं. त्वचेवरचा तीळही पहिल्या किंवा शेवटच्या कापांत सापडून मोकळा होतो.

एका बाबतीत मात्र जुनं हत्यार सोडू नका. कॅल्सिफिकेशनचा पुंजका कापाकापांत विखुरतो, आणि एक्सपोजर लांबलं की बारीक कण धूसर होतात. सिंथेटिक टूडीत (टोमोच्या कापांवरून संगणकाने बनवलेल्या सपाट चित्रात) तर नसलेले ठिपकेही चमकतात. कण गोल एकसारखे आहेत की बारीक, रेषेसारखे, फांद्या फुटलेले, हे मी आजही मॅग्निफिकेशन व्ह्यूवरच (मोठं करून घेतलेल्या टूडी चित्रावर) ठरवतो. मिल्क ऑफ कॅल्शियमची (छोट्या सिस्टमधल्या द्रवात तरंगणाऱ्या निरुपद्रवी कॅल्शियमची) शंका असेल तर काटकोनातला लॅटरल व्ह्यू हवाच. तिथे तळाशी साचलेली चंद्रकोर दिसली की बायोप्सी टळते.

वाचायला वेळ जास्त लागतो, स्टोरेज भराभर भरतं. त्याची सवय होते. आणि कड गुळगुळीत दिसली म्हणून गाठ साधीच, असं टोमोतही म्हणू नये. नव्याने उगवलेली गुळगुळीत गाठ, विशेषतः पाळी गेल्यानंतर, सोनोग्राफीला पाठवावीच. जुने मॅमोग्राम मागवायला आळस केला तर दोन्ही मशीन सारखीच निरुपयोगी.

खरेदीआधी एक गोष्ट मात्र नक्की विचारा: टोमोच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सीची सोय सोबत मिळते का? आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन (गाठ नसताना ऊतीची रचना ओढल्यासारखी दिसणं) टोमोत जास्त सापडतं, त्यातलं काही सोनोग्राफीत दिसत नाही. रेडियल स्कार (व्रणासारखी दिसणारी, कर्करोग नसलेली रचना) की कर्करोग, हे चित्रावरून ठरत नाही. सुई लावावीच लागते. ती सोय नसेल तर तूर्त टूडी आणि चांगलं स्पॉट पॅडल यांवर भागवलेलं बरं.