पिको, जुना फोन आणि एक प्लॅस्टिकचा डबा: प्रवासातल्या सेटअपचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

प्रवासात मायक्रोकंट्रोलरचं (एका चिपवरच्या छोट्या संगणकाचं) काम करायचं असेल, तर बोर्ड निवडण्याआधी नेटशिवाय आणि टेबलाशिवाय काय चालतं ते बघावं. मुंबईहून कोकण रेल्वेने निघालात की रोह्यानंतर बोगद्यांमागून बोगदे लागतात, रेंज येते-जाते. वायफायवाल्या ईएसपी३२ बोर्डासाठी आर्डुइनोचं (कोड लिहून बोर्डावर चढवायच्या प्रोग्रॅमचं) पॅकेज उतरवायचं म्हणजे शेकडो एमबींचा मामला, तो गाडीत होत नाही. याच कारणासाठी पावसाळा धरून काही महिने वापरल्यावरही आमची पसंती रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणि त्यावर थेट चालणारी मायक्रोपायथन ही भाषा याच जोडीला आहे. कंपाइल करायचं काही नाही. फोनवर सीरियल टर्मिनल (केबलवरून बोर्डाशी मजकुरात बोलणारं अ‍ॅप) असलं की काम सुरू.

पिकोवर आरपी२०४० चिप असते: १३३ मेगाहर्ट्‌झ, २६४ केबी रॅम, २ एमबी फ्लॅश (कायमची साठवण). बोर्ड ५१ बाय २१ मिलिमीटरचा. ४०० भोकांच्या ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडायच्या पाटीवर) बसवला की दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं मोकळी राहतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मांडीवर ब्रेडबोर्ड घेऊन वायर लावताना फार उपयोगी पडतं. ३० पिनी ईएसपी३२ बोर्ड रुंद असल्यामुळे तिथे बहुधा एकेकच भोक उरतं आणि ३८ पिनीला तर अनेकदा एका बाजूला एकही नाही. पिको घेताना हेडर पिन सोल्डर केलेलाच घ्या. यूएसबी-सी लावलेल्या स्वस्त प्रतींची पिनांची मांडणी मूळ पिकोसारखी असेलच असं नाही, बोर्डावरची छापील नावं वाचूनच वायर लावा. शिवाय अशा काही बोर्डांवर सी पोर्टाचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. मग सी-टू-सी केबलने बोर्डाला वीजच मिळत नाही आणि माणूस बोर्ड मेला असं समजतो. ए-टू-सी केबल लावून बघा, बोर्ड जिवंत निघतो.

आता फोन. ओटीजी (फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय) चालणारा कुठलाही जुना अँड्रॉइड पुरतो. 'सीरियल यूएसबी टर्मिनल' हे अ‍ॅप टाका, ओळीच्या शेवटासाठी सीआर निवडा, आणि खालच्या मॅक्रो बटणांपैकी तिघांना हेक्समध्ये ०३, ०४, ०५ हे आकडे देऊन ठेवा. ०३ ने चालू प्रोग्रॅम थांबतो, ०४ ने बोर्ड नव्याने सुरू होतो, ०५ ने पेस्ट मोड उघडतो. पेस्ट मोडशिवाय कोड चिकटवला तर प्रत्येक ओळीला आपोआप जादा इंडेंट लागतो आणि एरर येत राहतात. पेस्ट करून झालं की ०४ दाबायचं, मगच कोड चालतो. कनेक्ट होऊनही पडदा कोराच राहिला तर अ‍ॅपमधला डीटीआर हा पर्याय चालू आहे का ते बघा. शंभरेक ओळींपर्यंत हे छान जमतं. त्यापुढे बोटं आणि डोळे दोन्ही थकतात, मोठा कोड लॅपटॉपवर थॉनी या एडिटरमध्येच लिहावा.

निघण्यापूर्वी मायक्रोपायथनची यूएफ२ फाइल (बोर्डावर टाकायची सॉफ्टवेअर फाइल) आणि फ्लॅश पूर्ण पुसणारी 'फ्लॅश न्यूक' यूएफ२ अशा दोन्ही फोनमध्ये घ्या. सुरुवातीलाच चालणारी मेन फाइल बिघडून बोर्ड ऐकेनासा झाला, तर बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून धरत केबल लावायची, बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात आधी न्यूक टाकायची, मग मायक्रोपायथन. बूटसेलची ड्राइव्ह तुमच्या फोनला दिसते का, हे मात्र घरीच तपासा. सगळेच फोन ती दाखवतील असं नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी विजेची. पॉवर बँकेला लोड फार कमी वाटला की ती आपणहून बंद होते, आणि पिको साधारण २०-२५ मिलिअँपिअरच खातो. सेन्सर रात्रभर नोंदी घेईल म्हणून लावून ठेवावा, तर अर्ध्या-एक मिनिटात सगळं गार. यावर १०० ओहमचे अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर समांतर जोडून व्हीबस (यूएसबीचे ५ व्होल्ट) आणि ग्राउंडमध्ये लावता येतात. त्यातून १०० मिलिअँपिअर वाहतो आणि प्रत्येकावर पाव वॉट पडतो, म्हणून ते जळत नाहीत, गरम मात्र होतात. पण एवढी वीज नुसती तापवण्यात घालवण्यापेक्षा तीन पेन्सिल सेल बरे. व्हीसिस (बाहेरून वीज द्यायच्या) पिनला १.८ ते ५.५ व्होल्ट चालतात, त्यामुळे साडेचार व्होल्ट थेट देता येतात. मध्ये १एन५८१७ शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) हवाच, पट्टीची बाजू व्हीसिसकडे. तो नसेल तर यूएसबी लावल्यावर करंट उलटा सेलमध्ये शिरतो.

वायर हा दुर्लक्षित विषय आहे. तयार जंपर वायरची टोकं दोन-चार महिन्यांत सैल होतात आणि गाडीच्या हादऱ्याने ओएलईडी पडदा मधूनच बंद पडतो. दोष कोडमध्ये शोधण्यात तासभर जातो. त्याऐवजी ०.६ मिलिमीटरची एकतारी वायर घ्या, टोकं ७-८ मिलिमीटर सोला, लांबी बेताची ठेवा. ब्रेडबोर्ड हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत उघडा राहिलेला ब्रेडबोर्ड पुढे सतत लूज कनेक्शन देतो.

मल्टिमीटर छोटा चालेल, पण कंटिन्युइटीला (वायर सलग जोडली आहे का या तपासणीला) बीप वाजणाराच घ्या. अगदी स्वस्त मॉडेलांत तो नसतो. यूएसबीवर चालणारा ८ चॅनेल, २४ मेगाहर्ट्‌झचा लॉजिक अ‍ॅनालायझर (सिग्नल टिपून दाखवणारं यंत्र) फक्त लॅपटॉपवर पल्सव्ह्यू या प्रोग्रॅमसोबत कामाचा, फोनवाल्यांनी तो घरी ठेवावा. फोन सोडून बाकी सगळं अडीच हजारांच्या आतबाहेर बसतं.

खरेदी ग्रँट रोड पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर करा, रविवार टाळून. तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर म्हणून बीएमपी२८० गळ्यात मारला जाण्याचा प्रकार सर्रास आहे. दोन्ही मॉड्यूल सारखीच दिसतात, पण बीएमपी आर्द्रता मोजत नाही. सेन्सरच्या हेक्स डी० या रजिस्टरमधला (आतल्या नोंदीच्या कप्प्यातला) आयडी वाचा: हेक्समध्ये ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. पिको, फोन आणि चार वायर पिशवीत असतील तर ही तपासणी दुकानाबाहेर पायरीवर पाच मिनिटांत होते, आणि वस्तू तिथल्या तिथे बदलून मागता येते. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर घेतलात तर त्याचा इको पिन ५ व्होल्टचा असतो. पिकोचा पिन ३.३ व्होल्टचा, म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लागतो. तेवढे रेझिस्टर त्याच फेरीत घ्या.

वायफाय हवंच असेल तर पिको डब्ल्यू. ईएसपी३२ वाईट नाही, पण वायफाय सुरू होताना तो क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो, आणि बारीक केबल किंवा जुन्या फोनच्या ओटीजीवर ब्राउनआउट (व्होल्टेज क्षणभर खाली पडणं) होऊन पुन्हा पुन्हा रीसेट होतो. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बऱ्याचदा थांबतं.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, सेलची टोकं टेपने झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत चालतं. २०००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची होते. सोल्डरिंग आयर्न चेक-इनमध्ये टाका, आणि जोडलेलं सर्किट सोडवून सुटे भाग वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत ठेवा. स्कॅनरवर सेल आणि वायरींचा गुंता दिसला की बॅग उघडायला लावतातच.