लिनक्सचं घड्याळ: टाइमसिंकडी की क्रॉनी?

टाइमसिंकडी आणि क्रॉनी हे दोन्ही नेटवरून वेळ घेऊन लिनक्सचं घड्याळ लावणारे प्रोग्रॅम. घरचा लॅपटॉप, चोवीस तास नेट, एवढंच असेल तर सिस्टमडीसोबत (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्रॅम) येणारा टाइमसिंकडी पुरे. तो एसएनटीपी (नेटवरून वेळ घेण्याची साधी पद्धत) क्लायंट आहे: सर्व्हरला वेळ विचारतो, घड्याळ लावतो, विषय संपला. त्याची एक गोष्ट मात्र झकास. शेवटची वेळ तो डिस्कवर नोंदवून ठेवतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. तिथे वीज जाऊन आली तरी तारीख थेट १९७० ला, म्हणजे लिनक्सच्या वेळमोजणीच्या सुरुवातीला, जात नाही.

क्रॉनीचं काम खोलातलं. तो एकाच वेळी अनेक सर्व्हर तपासतो, खोटं बोलणारा बाजूला काढतो. शिवाय आपलं घड्याळ किती पुढे-मागे पळतं हे मोजून ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहितो, म्हणून नेट गेलं तरी बराच वेळ तग धरतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमधल्या ‘मेकस्टेप १.० ३’ या ओळीचा अर्थ: पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक सेकंदाहून जास्त असेल तर सरळ उडी मार, नंतर हळूहळू सरकव. डेटाबेस चालवणाऱ्यांना हे फार सोयीचं, कारण मध्येच वेळ मागे गेली की लॉगचा, म्हणजे नोंदींचा, क्रम बिघडतो.

ऑफिसातल्या इतर मशिनांना वेळ पुरवायची असेल तर प्रश्नच नाही, क्रॉनीच घ्या; टाइमसिंकडीला ते जमतच नाही. दोन्ही एकदम मात्र चालू ठेवू नका.