पेन्शनची तूट कुणाच्या खिशातून? जुनी योजना, एनपीएस आणि यूपीएस

केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने रुजू होणाऱ्याला ३० दिवसांत ठरवावं लागतं, एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) राहायचं की यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) घ्यायची. महाराष्ट्राच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या, जुन्या योजनेबाहेर राहिलेल्यांच्या मनात अजून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ आहे. मार्च २०२३ चा आठवडाभराचा संप त्यासाठीच झाला. या तिन्ही योजनांची तुलना बहुतेकदा ‘हातात किती येणार’ इथेच थांबते. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. पैसे कमी पडले तर ते कुणी भरायचे? माणसं जास्त जगतात, बाजार पडतो, महागाई वाढते. ३०-४० वर्षांच्या हिशेबात तूट कधीतरी येतेच.

जुन्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापलं जात नाही. जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला जातो, पण तो त्याचाच पैसा, व्याजासकट परत मिळतो. शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता. कर्मचाऱ्यासाठी याहून चांगली योजना नाही, हे मान्यच करायला हवं. अडचण अशी की सरकारही यासाठी काही बाजूला काढून ठेवत नाही. यंदाच्या करातून यंदाची पेन्शन दिली जाते आणि आज भरती झालेल्याचं देणं २०५५ च्या करदात्याच्या नावावर लिहिलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिकातल्या अभ्यासलेखाने अंदाज मांडला होता की सगळी राज्यं जुन्या योजनेकडे वळली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. हिमाचल प्रदेशने २०२३ मध्ये जुनी योजना परत आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला झाली. आधीचं कर्ज आणि इतर कारणंही त्यामागे होती, सगळा दोष पेन्शनला देता येणार नाही. पण कागदावरची हमी तिजोरीइतकीच भक्कम असते, हे तिथल्या पेन्शनरांना त्या महिन्यात समजलं.

एनपीएसमध्ये हे सगळं उलटं आहे. कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १४ टक्के (मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर) बाजारात गुंतवले जातात, आणि तिथे सरकारची जबाबदारी संपते. तूट आली तर ती पूर्ण तुमची.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शेवटचं मूळ वेतन ६०,००० आणि महागाई भत्ता ५० टक्के, म्हणजे एकूण ९०,०००. जुन्या योजनेत पेन्शन ३०,००० अधिक १५,००० भत्ता, महिना ४५,०००. एनपीएसमध्ये ३० वर्षांत १ कोटी साठले असं धरू. त्यातले ६० लाख हातात आणि ४० लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली आयुष्यभराची ठरावीक मासिक रक्कम. दर साडेसहा टक्के धरला तर महिन्याला सुमारे २१,६६७. संघटनांच्या पत्रकांत बहुधा हाच आकडा ४५,००० च्या शेजारी ठेवला जातो. हे बरोबर नाही, कारण त्यात ते ६० लाख मोजलेलेच नसतात. पूर्ण १ कोटीची ॲन्युइटी घेतली तर महिन्याला ५४,००० च्या वर जातात. मग नुकसान कुठे आहे? ते पुढच्या वर्षांत आहे. ही रक्कम मरेपर्यंत तेवढीच राहते. महागाई ५ टक्के राहिली तर १४-१५ वर्षांत तिची किंमत निम्मी होते, आणि नेमक्या त्याच वयात औषधांचा खर्च वाढलेला असतो. शिवाय निवृत्तीच्या वर्षी बाजार कुठे असेल हे कुणाच्या हातात नाही. एकाच दिवशी रुजू झालेले, सारखंच काम केलेले दोघं वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झाले म्हणून वेगळं म्हातारपण काढतात. मला हे अन्यायाचं वाटतं.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या यूपीएसमध्ये तूट वाटून घेतली आहे. कर्मचारी १० टक्के भरतो, सरकार १८.५ टक्के, त्यातले ८.५ टक्के सामाईक निधीत जातात. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, त्यावर महागाई सवलत. १० वर्षांनंतर किमान १०,०००. मृत्यूनंतर जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के. वरच्या उदाहरणात महिन्याला जवळपास तेवढेच ४५,००० आणि ३० वर्षांच्या सेवेसाठी ५,४०,००० एकरकमी. निधी कमी पडला तर वाढीव हिस्सा सरकारने द्यायचा. कर्मचाऱ्याचे १० टक्के वाढणार नाहीत, असं योजना जाहीर होताना सांगितलं गेलं.

मोबदल्यात जे सोडावं लागतं, तेही बघा. साठलेला निधी वारसांना मिळत नाही. निवृत्तीनंतर पेन्शन फक्त जोडीदारापर्यंत. घरात दिव्यांग मूल असेल तर ही फार मोठी उणीव आहे, कारण जुन्या योजनेत त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. २५ वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पेन्शन सुरू होते ती नियत वयोमानाच्या तारखेपासून, म्हणजे एरवी निवृत्त झाला असता त्या दिवसापासून. साठलेल्या निधीतली ६० टक्के रक्कम काढली तर पेन्शन त्या प्रमाणात घटते. राजीनामा देणाऱ्याला हमी नाही.

म्हणून १० वर्षांपेक्षा कमी सेवा होणार असेल किंवा खाजगी क्षेत्रात जायचा विचार पक्का असेल, तर एनपीएस. जोडीदाराचं स्वतःचं उत्पन्न नसेल आणि २५ वर्षं पूर्ण होणार असतील, तर मी यूपीएस घेईन. यूपीएसमधून एनपीएसकडे एकदाच जाता येतं, तेही निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी. परत येता येत नाही. महाराष्ट्रात १ मार्च २०२४ ला जाहीर झालेली सुधारित योजनाही आहे: ५० टक्के, महागाई भत्ता आणि ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. तिच्या अटी शासन निर्णयात स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्त्यावर विसंबून सही करू नका.

जुन्या पेन्शनच्या मागणीमागचं दुःख खरं आहे. सेवेत असताना गेलेल्यांच्या घरच्यांनी इथे वर्षानुवर्षं हाल सोसले. महाराष्ट्रात त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला २०२३ उजाडलं. तरीही मी ती मागणी जशीच्या तशी करणार नाही. ज्या करातून ती भरायची, तो कर ईपीएस-९५ (खाजगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची पेन्शन योजना) खाली महिना १,००० ची किमान पेन्शन घेणारा माणूसही साखर-साबणावर भरतो, कंत्राटी कामगारही भरतो, आणि त्यांच्या तुटीची हमी कुणीच घेतलेली नाही. आपण १० टक्के भरतो, सरकारने उरलेलं भरावं, ही वाटणी त्यांच्यासमोर उभं राहून मांडता येते. संघटनांनी आता जोर लावायचा तो यूपीएसच्या सामाईक निधीचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा यासाठी, आणि दिव्यांग मुलांना पेन्शनच्या कक्षेत आणण्यासाठी.