पुण्यातल्या खिशाला कुठला चाकू? ओपिनेल ८ नंबर आणि व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट

रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू शोधायला लागलं की इंटरनेट सगळ्यात आधी ओपिनेल ८ नंबर पुढे करतं. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात १८९० पासून हे चाकू बनतात. साधी लाकडी मूठ, पातळ पातं आणि उघडलेलं पातं जागेवर अडकवणारी दणकट कडी, त्यामुळे कौतुक खोटं नाही. तरीही पुण्यात रोज वापरायचा असेल तर आमचं मत व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या, मिटल्यावर ८४ मिलिमीटर लांब असलेल्या कॅडेटला. मुख्य कारण पावसाळा, आणि थोडंसं कारण लोकांच्या नजरा.

आधी काम बघा. कुरिअरची खोकी, सुतळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पेरू, डब्यातली काकडी. याला ६ सेंटीमीटरचं पातं पुरतं, आणि कॅडेटचं पातं साधारण तेवढंच आहे. ओपिनेल ८ चं पातं ८.५ सेंटीमीटर आहे. फळं कापायला ते फार छान, कारण पातं पातळ आहे आणि बाजू किंचित फुगीर असल्यामुळे फोड चिकटून बसत नाही. पण ऑफिसात खोकं उघडायला तो बाहेर काढला की शेजारचा दचकतो. ओपिनेलच हवा असेल तर ७ सेंटीमीटर पात्याचा ६ नंबर घ्या.

आता पाऊस. ओपिनेलची मूठ बहुधा बीच लाकडाची असते. जून लागला की ती ओल पिते, पात्याची खाच आवळते आणि पातं नखानं उघडेनासं होतं. मग नख तुटेपर्यंत ओढत बसू नका. कडी मोकळी फिरवा, मूठ मुठीत धरा आणि तिचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं वर येतं. कायमचा इलाज कोरड्या दिवसातच करायचा. मूठ पूर्ण वाळू द्या, २२० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून खाचेच्या दोन्ही भिंतींवर हलका फिरवा, भुसा झटका आणि आत मेण किंवा व्हॅसलीन चोळा. फार घासलंत तर उन्हाळ्यात पातं डुगडुगेल. हा चाकू पाण्यात बुडवून धुवायचा नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सिंकमध्ये पडलेला ओपिनेल दुसऱ्या दिवशी उघडत नाही.

कार्बन पातं घ्यायचं की स्टेनलेस? पुण्यात स्टेनलेस. कार्बनला धार पटकन लागते हे खरं. पण कैरी, लिंबू, कांदा कापला की ते काळं पडतं. हा काळेपणा वाईट नाही, त्यानं उलट गंजाला थोडा आळा बसतो. त्रास तांबड्या गंजाचा आहे, आणि जुलैमध्ये ओल्या खिशात ठेवलेल्या पात्यावर तो एका रात्रीत येतो.

कॅडेटला लाकूडच नाही. अॅनोडाइज केलेल्या, म्हणजे पृष्ठभाग कडक केलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आत दोन थर: पातं, नखाची कानस, डबा उघडणारं आणि बाटली उघडणारं. डबा उघडणाऱ्याच्या टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर आहे, तो फुली स्क्रूलाही बऱ्यापैकी बसतो. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, सदऱ्याच्या खिशातही कळत नाही. उणीवही स्पष्ट आहे. पात्याला लॉक नाही, नुसती स्प्रिंग आहे. टोक खुपसून भोक पाडायला गेलात तर पातं उलटं मिटून बोटावर येईल. ते काम ओपिनेलनं, कडी फिरवून, करा. शिवाय पातं उघडायला नख अडकवायची खाच उजव्या हाताच्या सोयीची आहे, डावखुऱ्यांना सवय करून घ्यावी लागते. चष्मा वापरणाऱ्यांनी त्याच कंपनीचा ९१ मिलिमीटरचा स्पार्टन बघावा. त्याच्या बूच काढायच्या स्क्रूमध्ये चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर बसतो, फक्त तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

घेताना दुकानातच तपासा. प्रत्येक पातं एकेक उघडा, मिटताना ते बाजूला घासायला नको. उघडलेल्या पात्याचं टोक धरून आडवं हलवा, हललं तर परत द्या. वर्तमानपत्राच्या कडेवर धार चालवा. मध्येच अडकली तर तिथे खाच आहे. मंडई-तुळशीबागेच्या आसपास लाल मुठीचे, क्रॉस छापलेले स्वस्त चाकू मिळतात. ते स्विस नव्हेत. खऱ्याच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं. स्वस्तातल्यांची स्प्रिंग ढिली पडते आणि स्क्रू ड्रायव्हर पहिल्याच घट्ट स्क्रूला पिळतो. पैसे वाचवायचेच असतील तर खोक्यांसाठी साधा पेपर कटर घ्या. पुठ्ठा धार खातो, आणि ब्लेड तोडून टाकणं चाकूला धार लावण्यापेक्षा सोपं.

धार लावायला रस्त्यावरच्या धारवाल्याकडे हे चाकू देऊ नका. कोरडं चाक फिरतं, पातळ कडा तापते, निळी पडली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. आणि बुडाशी खोलगट चर पडतो तो वेगळाच. रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो. खाच असेल तरच जाड बाजू, एरवी बारीक. दगडावर पातं उभं धरा, ते निम्मं कलवा, पुन्हा निम्मं, आणि त्याहूनही थोडं खाली. एका बाजूला इतकं घासा की दुसऱ्या बाजूला टोकापर्यंत बर, म्हणजे कडेवर वळून आलेली धातूची बारीक कोर, बोटाला खरखरीत लागेल, मग बाजू बदला. बर सबंध लांबीला आली नसताना बाजू बदलणं, हीच धार न लागण्यामागची नेहमीची चूक. शेवटी कातडी पट्ट्यावर पातं मागे ओढत आठ-दहा हात.

खिशातला कापूस आणि तेल मिळून सांध्यात चिखल होतो. कॅडेट कोमट पाण्यात, साबणाच्या थेंबासोबत उघड-मीट करून धुवा, झटकून वाळवा आणि सांध्यात एक थेंब तेल सोडा. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. शेंगतेल चिकट होतं, खोबरेल डिसेंबरात थिजतं.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत, घरगुती आणि शेतीच्या वापराचे वगळून. हे दोन्ही चाकू त्या मापाच्या खूप आत आहेत. पण पुण्याचे पोलिस आयुक्त सणासुदीला, मोर्चांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, आणि त्या कलमात चाकू-सुऱ्यांसोबत काठ्यांचाही उल्लेख आहे. तेवढे दिवस चाकू घरी ठेवा. लोहगावला विमान पकडायचं असेल तर किल्ल्यांच्या जुडग्यातून कॅडेट आदल्या रात्रीच काढून चेक-इनच्या बॅगेत टाका, सुरक्षा तपासणीत तो हमखास काढून घेतात.